सह्या किती लागतील?
गोव्यात घर विकत घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बहुतेक लोक आमच्याकडे येतात तेव्हा घर पसंत पडलेले असते, दर ठरलेला असतो आणि टोकनही देऊन झालेले असते. वकील फक्त सेल डीड टाइप करून देणार, अशी समजूत असते. टोकन देण्याआधी आलात तर आमचे काम निम्म्याने कमी होते आणि तुमचे पैसे अडकत नाहीत. नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

"एक-चौदावर त्यांचेच नाव आहे. मग आणखी काय बघायचे?"

एक-चौदाचा उतारा, म्हणजे गावातल्या जमिनीच्या सर्व्हेचा उतारा, महत्त्वाचा आहेच. शहर हद्दीत त्याच्या जागी फॉर्म डी असतो, त्यावर पी. टी. शीट (शहर सर्व्हेच्या नकाशाचा क्रमांक) आणि चलता नंबर (त्यातल्या भूखंडाचा क्रमांक) असतो. पण ही जमिनीच्या सर्व्हेतली नोंद आहे, मालकीचे खत नव्हे. मालकी कळते ती मागच्या कागदांवरून: आधीची सेल डीड, वाटणी, इन्व्हेंटरीचा (मृताची मालमत्ता वारसांत वाटण्याच्या कोर्टातल्या कामाचा) निकाल, आणि जुन्या मिळकतीच्या बाबतीत पोर्तुगीज काळातले देस्क्रिप्सांव (मिळकतीची नोंदणी) व मात्रिझ (महसुली नोंद). उताऱ्यात कब्जेदाराच्या नावापेक्षा आम्ही आधी कुळाचा आणि 'इतर हक्कां'चा रकाना वाचतो. कटकटीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

"विकणारा एकच आहे. मग एवढ्या सह्या कशाला?"

महाराष्ट्रातून आलेल्या ग्राहकांना हे सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. वारसाहक्काने आलेलीही त्यात येते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि ती सर्व धर्मांच्या गोंयकारांना लागू आहे. त्यामुळे घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बायकोची सही लागतेच.

आता एक नेहमीचे उदाहरण घ्या. बाबा वारले, उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. मागे आई, तीन मुलगे आणि एक मुलगी. धाकटा सोडून सगळ्यांची लग्ने झालेली. बोलणी थोरला करतो, म्हणून घेणाऱ्याला वाटते मालक तोच. प्रत्यक्षात अर्ध्या वाट्याची धनीण आई. उरलेल्या अर्ध्यात चार मुले, आणि विवाहितांच्या वाट्यात त्यांचे जोडीदार. सह्या झाल्या आठ. "जावयाचा आमच्या घराशी काय संबंध?" असा प्रश्न आमच्या टेबलावर हमखास येतो, तोही कधीकधी जावयासमोर. संबंध आहे. त्याची सही राहिली तर डीड कच्ची राहते.

वारस कोण, हे रेशनकार्डावरून किंवा पंचायतीच्या दाखल्यावरून ठरत नाही. स्पेशल नोटरीपुढे (अशा दस्तांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) वारसांची डीड करावी लागते किंवा कोर्टात इन्व्हेंटरी चालवावी लागते. दोन्हींचे नियम २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहेत. भावंडांत भांडण असेल तर इन्व्हेंटरीला किती वेळ लागेल याचा अंदाज आम्ही देत नाही. "महिन्याभरात होईल" असे कोणी सांगत असेल तर सावध राहा.

"एक भाऊ पोर्तुगालात आहे. त्याचे काय?"

तो कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. मात्र ते भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारकडून प्रमाणित) करून झालेले असावे, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला स्टॅम्प लावून घ्यावा लागतो. त्यात ही मिळकत विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर आम्ही व्यवहार करत नाही.

कराचेही बघावे लागते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो. हा नियम विकणारा भारतात राहणारा असेल तेव्हाचा. अनिवासी विकणाऱ्याला ५० लाखांची सूट नाही आणि दरही बराच जास्त आहे. अनिवासी कोण, हे पासपोर्टाच्या रंगावरून ठरत नाही, तो त्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिला यावरून ठरते. चुकीच्या दराने कापले तर आयकर खात्याची नोटीस विकणाऱ्याला नव्हे, तुम्हाला येते.

"भाटात एक छोटे घर आहे, ते मुंडकाराचे म्हणतात."

मग ते घर तुम्ही विकत घेत नाही, असे धरून चाला. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या भाटात (बागायती जमिनीत) मालकाच्या, म्हणजे भाटकाराच्या, संमतीने घर करून राहणारा. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. भाटकार बदलला म्हणून तो हलत नाही. त्याला घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे: पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात २०० पर्यंत. उलट तुम्ही मुंडकाराकडूनच घर घेत असाल तर त्याने मामलेदारांकडून खरेदीचा आदेश मिळवला आहे का, ते आधी विचारा. "आजोबांपासून राहतो" एवढ्याने भागत नाही.

"पोर्तुगीज कागद कोणाला वाचता येतात?"

जाणकार भाषांतरकार अजून आहेत, आम्ही त्यांच्याकडून करून घेतो. अडचण भाषेपेक्षा मिळकत जुळवण्याची असते. जुन्या कागदात सर्व्हे नंबर नसतो. पूर्वेला अमक्याचे भाट, पश्चिमेला व्हाळ (ओढा), दक्षिणेला पायवाट, असे लिहिलेले असते. व्हाळ आहे, पण पायवाटेचा आता डांबरी रस्ता झालेला. अशा वेळी आम्ही कागद हातात घेऊन जागेवर जातो आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतो. मालक परदेशी असलेल्या जुन्या मिळकतींवर बनावट कागद तयार करून त्या विकल्या गेल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. म्हणून झेरॉक्सवर विसंबू नका. नोंदणी कार्यालयातून किंवा पुराभिलेख खात्यातून प्रमाणित प्रत काढा.

"बिल्डरकडून नवा फ्लॅट घेतोय. तिथे तरी हे सगळे नाही ना?"

जमिनीपुरते आहेच, फक्त ते एकदाच तपासावे लागते. शिवाय सनद (जमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी), झोन (नियोजन आराखड्यात ठरवलेला वापर), बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट बघा. प्रकल्प रेराखाली (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली) नोंदलेला असेल तर करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

"रजिस्ट्रेशन झाले म्हणजे घर आमचे झाले ना?"

सबरजिस्ट्रार दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. म्हणूनच आम्ही आधी साधारण ३० वर्षांचा शोध घेतो, बोज्याचा दाखला काढतो आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. डीडवर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत ती नोंदणीला सादर करावी लागते. खर्चाचे गणित मांडताना एक लक्षात ठेवा: गोव्यात स्टॅम्प ड्युटीखेरीज नोंदणी फीही किमतीच्या टक्क्यांत असते. महाराष्ट्रासारखी ती ३० हजारांवर थांबत नाही.

नोंदणीनंतर म्युटेशन (उताऱ्यावर नावबदल), मग पंचायतीत किंवा पालिकेत घरपट्टी, वीज आणि पाण्याचे कनेक्शन तुमच्या नावावर. किल्ली हातात आली की लोक हे विसरतात, आणि पुढे विकायला काढल्यावर आमच्याकडे येतात, जुन्या मालकाच्या नावाची वीजबिले घेऊन.