‘९९ टक्के शुद्ध’ म्हणजे नेमकं काय?

‘लेबलवर ९९% शुद्धता आहे, म्हणजे रसायन स्टेम सेल थेरपीला चालेल’ हा समज जुनाच. तो आकडा बहुधा एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) असतो: अतिनील किरण शोषणाऱ्या पदार्थांत मुख्य रेणूचा वाटा. पाणी, अजैविक क्षार, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) त्यात दिसतच नाहीत.

वाय-२७६३२ घ्या, स्टेम सेल तगाव्यात म्हणून वापरलं जाणारं रसायन. मूळ बेसचा रेणुभार २४७.३, त्याच्या डायहायड्रोक्लोराइड क्षाराचा ३२०.३, शुद्धता दोन्हींवर तीच छापलेली असू शकते. १० मिलिमोलरच्या १ मिली स्टॉकला (साठ्याच्या द्रावणाला) डायहायड्रोक्लोराइड ३.२ मिग्रॅ लागतं. बेसच्या हिशेबाने २.४७ मिग्रॅ घातलं की द्रावण जेमतेम ७.७ मिलिमोलर. मग पेशी तगल्या नाहीत की दोष पेशी वाढवायच्या माध्यमावर!

तुम्हाला मिळालेल्या लॉटचंच (उत्पादनाच्या खेपेचं) प्रमाणपत्र मागवा, कॅटलॉगमधला नमुना नको. त्यात रेणूच्या ओळखीसाठी एनएमआर, पाण्यासाठी कार्ल फिशर, एंडोटॉक्सिनसाठी एलएएल चाचणी आणि उरलेल्या सॉल्व्हंटचे (द्रावकाचे) आकडे बघा.