झुलू उखांबा: वापरण्याआधी हे वाचा

आमच्याकडची ही काळी भांडी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातली. झुलू बायका ती चाकाशिवाय घडवतात. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवतात, सांधे बोटांनी मिटवतात, भिंत खरवडून पातळ करतात आणि गुळगुळीत गोट्याने घोटतात. उखांबा हे ज्वारीची बिअर वाढण्याचं आणि पिण्याचं भांडं. ती आंबवायला मोठा इम्बिझा, वाहून न्यायला मान असलेला उफिसो. झाकण विणलेलं असतं, त्याला इम्बेंगे म्हणतात.

काळा रंग वरून लावलेला नाही. उघड्या जाळात पहिली भाजणी झाली की भांडं तांबूस-तपकिरी निघतं. मग पुन्हा धुरात भाजून ते काळं करतात आणि चरबी चोळून चमकवतात. पूर्वजांना काळोख आणि गारवा प्रिय, अशी झुलू श्रद्धा आहे. म्हणून बिअर भरलेला उखांबा झोपडीत दारासमोरच्या मागच्या भागात, उम्सामोत, त्यांच्यासाठी ठेवतात.

ही चरबी जनावराची असते. हल्ली काही कारागीर बुटाचं पॉलिशही वापरतात. भांडं देवघरात ठेवायचं असेल तर घेण्याआधी आम्हाला जरूर विचारा. खाण्यापिण्याचं काही त्यात ठेवू नका.

उघड्या जाळाची आच बंद भट्टीइतकी चढत नाही, त्यामुळे माती सच्छिद्र राहते. बिअर गार राहते ती याच गुणामुळे, पण घरात याच गुणाचा त्रास होतो: पाणी झिरपून टेबलावर डाग पडतो, बाहेर पांढरे क्षार फुलतात, चमक उतरते. ताजी फुलं ठेवायची तर आत काचेचा ग्लास ठेवा. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको.

भांडं हाती आलं की बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, लगेच कळवा. तपकिरी ढगासारखे डाग मात्र जाळाच्या खुणा आहेत, दोष नव्हे. काठ धरून उचलू नका, दोन्ही हात तळाखाली घाला. बूड गोल असेल तर खाली चुंबळ हवीच.

पुसायला कोरडं मऊ फडकं पुरे. साबणाने चमक जाते. पावसाळ्यात बुरशी धरली तर पुसून सावलीत वारा लागू द्या. उन्हात ठेवल्यास चरबी पाघळून हाताला काळं लागतं. इम्बेंगे ओली असताना भांड्यावर ठेवू नका.