ती उडती तबकडी नाहीये, ढगातले देवदूत आहेत

इटालियन चित्रकार कार्लो क्रिव्हेल्लीचं १४८६ सालचं एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय, आकाशात गोल चकती, तिच्यातून निघालेला सोनेरी किरण थेट मेरीच्या डोक्यावर, आणि खाली लिहिलेलं असतं की बघा, तेव्हाही एलियन येत होते. पण फिरणारा फोटो बारीक आणि धूसर असतो ना, तिथेच सगळा घोळ होतो. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याचा मोठा फोटो उघडून झूम करा, ती चकती म्हणजे ढगांचं कडं आहे आणि त्यात चक्क छोटे छोटे देवदूत दाटीवाटीने बसलेत. किरणावर पांढरं कबूतर आहे, ते म्हणजे पवित्र आत्मा. मेरीला येशूच्या जन्माची बातमी मिळते तो हा प्रसंग, आणि त्या काळच्या युरोपात तो असाच काढायचे.

मला तर खरी गोष्ट जास्त भारी वाटते. इटलीतल्या आस्कोली पिचेनो गावाला पोपने १४८२ मध्ये स्वतःचा कारभार बघायचा हक्क दिला, ती बातमी पोचली २५ मार्चला, म्हणजे नेमकी याच प्रसंगाच्या सणाला, म्हणून गावाचा संत एमिडियस हातात गावाचं मॉडेल धरून चित्रात मेरीला बातमी द्यायला आलेल्या देवदूताशेजारी आहे!

कोसोवोतल्या देचानी मठाच्या भिंतीवरच्या चित्रातली एलियनची म्हणून दाखवतात ती 'यानं' पण तशीच, येशूच्या क्रूसाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या रूपात काढलेले सूर्य आणि चंद्र आहेत ते.