स्फोटानंतरचे भडके: शोध नवजात मॅग्नेटारपर्यंत कसा पोहोचला

नोव्हेंबर २००४ मध्ये स्विफ्ट उपग्रह अवकाशात गेला. तोवर गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणारी गॅमा किरणांची प्रखर लखलख, हा बहुधा काही सेकंदांचा मामला मानला जाई. मागे उरे तो भोवतालच्या वायूवर आदळत मंदावणारा पश्चप्रकाश. २ मे २००५च्या एका स्फोटाने ही समजूत मोडली. स्फोटानंतर काही मिनिटांनी क्ष-किरणांचे तेज सुमारे ५०० पट वाढले आणि त्या एका भडक्यातली ऊर्जा मूळ स्फोटाच्या तोडीची भरली.

भडका ओसरल्यावर पश्चप्रकाश आधीच्याच उतरत्या रेषेवर आला. बाहेरच्या आघात-लहरीत नव्याने ऊर्जा मिसळली असती, तर तेजाची पातळी वरच राहिली असती. म्हणजे स्फोटाला ऊर्जा पुरवणारे केंद्रातले यंत्रच थांबून पुन्हा सुरू झाले होते. कृष्णविवर मानले तर हा खंड त्याच्याभोवती फिरत आत कोसळणाऱ्या पदार्थाच्या चकतीतच शोधावा लागतो: ती तुकड्यांत फुटावी किंवा चुंबकीय दाबाने अडावी. मॅग्नेटारजवळ, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या अतिघन गाभ्यातून उरलेल्या प्रचंड चुंबकित न्यूट्रॉन ताऱ्याजवळ, मात्र स्वतःची झडप असते.

या कल्पनेचे दोन धागे जुने आहेत. वेगाने फिरणारा ताऱ्याचा चुंबक पदार्थाला आत येऊ न देता बाहेर फेकतो, हे इलारिओनोव आणि सुन्याएव यांनी १९७५ मध्ये जोडताऱ्यांसाठी मांडले. यालाच प्रोपेलर म्हणतात. गॅमा किरण स्फोटामागे मिलिसेकंदात फिरणारा, प्रचंड चुंबकित न्यूट्रॉन तारा असावा, हे १९९२ मध्ये उसोव्ह यांनी सुचवले.

सगळा खेळ दोन त्रिज्यांचा आहे. १.४ सौरवस्तुमानाचा तारा १ मिलिसेकंदात एक फेरी घेत असेल, तर कक्षेतला पदार्थ ताऱ्याच्याच गतीने फिरेल अशी सहभ्रमण त्रिज्या सुमारे १७ किलोमीटर येते. पृष्ठभागावर १० लाख अब्ज गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र, ताऱ्याची त्रिज्या १२ किलोमीटर आणि दर सेकंदाला सूर्याच्या हजाराव्या भागाइतका पदार्थ कोसळत असेल, तर चुंबकीय क्षेत्र चकतीला साधारण ३८ किलोमीटरवर रोखते. तिथे पदार्थ गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. पदार्थाचा ओघ वाढला किंवा ताऱ्याचा वेग घटला, की झडप उघडते. पण ओघाची पकड ढिली आहे: तो दहापट घटला, तरी रोखण्याची त्रिज्या दुपटीच्याही थोडी खालीच राहते. म्हणून झडप उघडायला ओघात मोठी उसळी लागते, आणि फुटलेल्या ताऱ्याचा परतून कोसळणारा मलबा ती देऊ शकतो.

नेमके कोणत्या टप्प्यात तेज येते, यावर मतभेद आहेत. बर्नार्डिनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पदार्थ आत कोसळताना प्रकाश आणि प्रोपेलरच्या काळात शांतता, असे मांडले. गॉम्पर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये फेकलेला पदार्थच चमकतो, असे धरले. ऊर्जेची चणचण नाही. १ मिलिसेकंदाच्या ताऱ्याच्या फिरण्यात सूर्याच्या १० अब्ज वर्षांच्या प्रकाशाच्या सुमारे २० पट ऊर्जा असते. खरी अडचण वेगाची आहे. ३८ किलोमीटरवर ताऱ्यासोबत फिरणारा पदार्थ प्रकाशाच्या ८० टक्के वेगापर्यंतच पोहोचतो, आणि भडक्यांसाठी ९९.९ टक्क्यांपलीकडचा वेग लागतो. पुढचा वेग क्षेत्ररेषांवरील चुंबकीय ऊर्जेतूनच मिळायला हवा, आणि फेकलेला जड मलबा नेमका त्याच्याच आड येतो.