भयपटांचा हंगाम आणि पहिल्या खेळाचा कौल

गणपती गेले की मुंबईच्या चित्रपटगृहांत भयपटांची रांग लागते, ती थेट दिवाळी उलटेपर्यंत. इंग्रजी, त्यांच्या हिंदी डब आवृत्त्या, हिंदी हॉरर-कॉमेडी, मधूनच एखादा जुना सिनेमा पुन्हा पडद्यावर. शुक्रवारी सकाळचा खेळ सुटतो आणि दुपारच्या लोकलमध्ये फोनवर एकच प्रश्न सुरू होतो: "भीती वाटते का रे?" अभिनय कसा, छायाचित्रण कसं, हे नंतर. आधी भीतीचा हिशोब. "नुसते दचके आहेत", "मध्यंतरापर्यंत टरकली, पुढे पाणी घातलंय" किंवा सगळ्यात वाईट शेरा, "लोक हसत होते". असे दोनचार शेरे शनिवार-रविवारची तिकीटबारी ठरवतात. प्रेमकथेला प्रेक्षक एखादा आठवडा सवलत देतो, भयपटाला पहिल्या खेळापलीकडे देत नाही. हे आजचं नाही. हा हंगाम आपल्याकडे कुठून आला आणि प्रेक्षकाच्या मताला या प्रकारात एवढं वजन का, हे पाहायचं तर अमेरिका आणि मुंबईतला लॅमिंग्टन रोड अशा दोन्ही ठिकाणी जावं लागतं.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, हा भुताखेतांचा सण, म्हणून भयपट ऑक्टोबरात, असं आपण सहज धरून चालतो. पण भयपटांचे जे मैलाचे दगड मानले जातात, त्यांतले अनेक या महिन्यात आलेच नव्हते. हिचकॉकचा 'सायको' १९६० च्या उन्हाळ्यात लागला, 'द एक्झॉर्सिस्ट' १९७३ मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी. हंगाम घडवला तो जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'नं. सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्च, नावाजलेले चेहरे जवळपास नाहीत, आणि २५ ऑक्टोबर १९७८ ला कॅन्सस सिटीत पहिले खेळ. समीक्षकांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. प्रेक्षकांनी एकमेकांना सांगितलं आणि सिनेमा शहरामागून शहर चालत गेला. पुढे 'सॉ' या भयपटमालिकेनं २००४ पासून २०१० पर्यंत दर ऑक्टोबरला एक भाग आणला. हॅलोविन आलं म्हणजे 'सॉ' येणारच, अशी त्यांची जाहिरातच होती. ती साखळी ढिली केली 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'नं. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, पंधरा हजार डॉलरमध्ये केलेला सिनेमा. २००९ मध्ये निर्मात्यांनी प्रेक्षकांनाच विचारलं की तुमच्या शहरात हा हवा का. दहा लाख मागण्या जमल्यावर देशभर लावला. त्याच्या जाहिरातीत सिनेमातल्या दृश्यांबरोबर अंधारात बसलेले, तोंडावर हात घेतलेले, खुर्चीतून उसळणारे प्रेक्षक दाखवले होते. प्रेक्षकाची प्रतिक्रिया हीच जाहिरात! त्याच ऑक्टोबरात आलेला 'सॉ'चा सहावा भाग त्याच्यापुढे टिकला नाही.

प्रेक्षकांचं मत मोजण्याची तिकडे एक जुनी पद्धत आहे. सिनेमास्कोअर नावाची संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना कार्डं देऊन ए (उत्तम) ते एफ (नापास) अशी श्रेणी मागते. बहुतेक सिनेमांना चांगल्या श्रेणी मिळतात, कारण पहिल्याच दिवशी येणारा माणूस मुळात आवडीनं आलेला असतो. भयपट मात्र या परीक्षेत सारखे मार खातात. सप्टेंबर २०१७ च्या 'मदर!'ला थेट एफ मिळाली. २०१८ चा 'हेरेडिटरी' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, प्रेक्षकांनी डी प्लस दिली. माझ्या मते यात प्रेक्षकाची अरसिकता नाही. जाहिरातीनं एका तऱ्हेच्या भीतीचं आश्वासन दिलेलं असतं आणि आत वेगळ्याच तऱ्हेची भीती भेटते. भयपट पाहणारा माणूस स्वतःहून असुरक्षित व्हायला, घाबरायला तयार होऊन आलेला असतो. त्याला फसवल्यासारखं वाटलं की राग दुप्पट होतो. मुंबईतही नेमकं हेच घडतं, फक्त कार्डं वाटली जात नाहीत.

मुंबईचं स्वतःचं पंचांग मात्र वेगळं. आपल्याकडे भुतं बाहेर पडायची ती अमावास्येला, आणि ती ऐकायची पावसाळी रात्री गावच्या घरी, वीज गेलेली असताना. ऑक्टोबरच्या उकाड्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यात इकडचे भाद्रपद-आश्विन म्हणजे गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, दिवाळी. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये, या समजुतीपोटी मोठे निर्माते ते पंधरा दिवस टाळत आले. हॉलिवूडला या समजुतीशी देणंघेणं नसल्यामुळे त्यांचे भयपट या दिवसांच्या आसपास उतरू लागले: 'द नन' ७ सप्टेंबर २०१८ ला, 'इट'चा दुसरा भाग ६ सप्टेंबर २०१९ ला, ऐन गणपतीत. 'द कॉन्ज्युरिंग: लास्ट राइट्स' ५ सप्टेंबर २०२५ ला लागला, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. अर्धी मुंबई विसर्जनाच्या तयारीत आणि तरी मल्टिप्लेक्सचे रात्रीचे खेळ भरलेले. पितृपक्षाची भीती तर मराठी सिनेमानंच घालवली: १२ सप्टेंबर २०२५ ला, त्याच पंधरवड्यात, कोकणातला 'दशावतार' लागला आणि लोकांनी तो गर्दी करून पाहिला. तो भयपट नव्हे, पण "या दिवसांत कोण येतंय" हे वाक्य त्यानं निकालात काढलं.

आता लॅमिंग्टन रोड. फाळणीनंतर कराचीहून आलेले एफ. यू. रामसे यांचं इथे रेडिओचं दुकान होतं. सिनेमाच्या ओढीनं त्यांनी निर्मितीत पैसे घातले. १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला आणि घर अडचणीत आलं. त्यांच्या मुलांनी, तुलसी आणि श्याम यांनी, एक गोष्ट केली जी आजही निर्मात्यांनी करावी: ते चित्रपटगृहात जाऊन बसले आणि पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे पाहिलं. सिनेमात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला जातात असा एक प्रसंग होता. बाकी सिनेमाभर कंटाळलेले लोक त्या प्रसंगाला जागे व्हायचे, ओरडायचे. काही जण तेवढ्यासाठी परत यायचे. मुलांनी वडिलांना सांगितलं, लोकांना हेच हवंय, आपण अख्खा सिनेमाच याचा करू.

म्हणजे हिंदी भयपटाचा कारखाना उभा राहिला तो पिटातल्या, म्हणजे पुढच्या स्वस्त खुर्च्यांवरच्या, प्रेक्षकाच्या मतावर. सात भाऊ, प्रत्येकाकडे एक खातं: कुणी लेखन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) करायला सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं, बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला. स्टुडिओचं भाडं नाही, नटांचे भाव नाहीत. १९८४ चा 'पुराना मंदिर' त्या वर्षीच्या मोठ्या यशांत मोजला गेला. उच्चभ्रू समीक्षा या सिनेमांकडे ढुंकून पाहत नव्हती, आणि मला तो अन्याय वाटतो. या सिनेमांचा प्रेक्षक स्टॉलमधला होता, बाल्कनीतला नव्हता. तो दाराच्या आवाजावर शिट्टी मारायचा, नायिकेला "मागे बघ!" म्हणून ओरडायचा. भीती आणि करमणूक त्याच्यासाठी एकाच तिकिटात होती. पुढे १९९३ मध्ये रामसेंनी 'झी हॉरर शो' आणला, मग १९९५ मध्ये सोनीवर 'आहट' आलं, आणि तो प्रेक्षक घरी बसून घाबरू लागला. एकपडदा चित्रपटगृहं ओस पडण्याची कारणं अनेक. भयपटापुरतं बोलायचं तर टीव्हीनं त्याचा स्टॉलच काढून नेला.

रामसेंच्या आधी मुंबईत भूत नव्हतं असं नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ चा. पण तिथलं भूत शेवटी भूत निघत नाही. 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४) यांतही रहस्याचा उलगडा माणसापाशीच होतो. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) त्याच वळणाचा. थरार द्यायचा आणि घरी जाताना प्रेक्षकाला सोडवून द्यायचं, अशी ती रीत होती. १२ ऑक्टोबर २००७ ला आलेल्या 'भूल भुलैया'पर्यंत ती चालली. मधल्या काळात रामगोपाल वर्मा यांचा 'भूत' (२००३) आला आणि त्यानं सगळं उलटं केलं: हवेली नाही, गाणी नाहीत, मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट आणि खरं भूत. भाड्यानं घर शोधणाऱ्या मुंबईकराला ती भीती थेट लागली. २००८ ला 'फूंक'च्या वेळी त्यांनीच एकट्यानं सिनेमा बघून दाखवणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं. प्रेक्षकाच्या छातीवर पैज लावण्याचा तो प्रकार गाजला, पण सिनेमा त्यामुळे मोठा झाला नाही.

मराठी प्रेक्षकाची तऱ्हा समजायची तर पडदा सोडून वाचनालयात जावं लागतं. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी इथल्या दोन-तीन पिढ्यांना घाबरायला शिकवलं. दादर-गिरगाव-ठाण्याच्या वाचनालयांतली त्यांची पुस्तकं हातोहात फिरून मऊ झालेली असायची. त्यांच्या कथांत किंचाळी उशिरा येते. आधी घर येतं, घरातली माणसं, त्यांच्यातला न बोललेला लोभ किंवा मत्सर, आणि मग कुणीतरी दार लावायचं राहून गेलेलं. यावर वाढलेला वाचक चित्रपटगृहात गेला की "दचके आहेत, गोष्ट नाही" अशी तक्रार करतो. ही तक्रार मी आजच्या विशीतल्या मुलांकडूनही ऐकतो, ज्यांनी धारप मोबाइलवर ऐकलेत.

याच मुळावर 'तुंबाड' उभा आहे. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि त्याचा विषय भुतापेक्षा लोभ. २०१८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा सिनेमा म्हणून तो दाखवला गेला, आणि १२ ऑक्टोबरला, नवरात्रात, इथे लागला. नाव असलेला नट नाही, सतत पाऊस. पहिल्या दिवशी गर्दी बेताची. नेहमीच्या भयपटासाठी आलेले काही जण "हे काय होतं" म्हणत बाहेर पडले. काही जण गप्प होऊन बाहेर पडले आणि मग त्यांनी दहा जणांना सांगितलं. आपल्या धंद्यात ज्याला माउथ पब्लिसिटी म्हणतात ती सुरू झाली खरी, पण तोवर पडदे दुसऱ्या सिनेमांना गेले होते. पुढची सहा वर्षं सिनेमा घरोघरी छोट्या पडद्यावर पाहिला गेला. १३ सप्टेंबर २०२४ ला, गणपतीच्या दिवसांत, तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. २० सप्टेंबरला राष्ट्रीय चित्रपट दिनाची ९९ रुपयांची तिकिटं होती, त्याचाही हात लागला. पुनःप्रदर्शनाची कमाई पहिल्या खेपेपेक्षा जास्त झाली. हे प्रेक्षकाचं मत सहा वर्षं उशिरा मोजलं गेलं, इतकंच. पहिल्या शनिवार-रविवारवर सिनेमाचा निकाल लावणाऱ्या व्यवस्थेला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळालेलं नाही.

दिवाळी मात्र हॉरर-कॉमेडीनं घेतली, आणि त्याचं एक कारण सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात आहे. निखळ भयपटाला बहुधा 'ए' मिळतं, म्हणजे अठराखालची मुलं बाहेर. आणि भीती ज्यांना सगळ्यात हवी असते ती पंधरा-सोळाचीच. 'स्त्री' (२०१८) 'यूए', म्हणजे मुलांना पालकांच्या सल्ल्यानं पाहता येणारं प्रमाणपत्र, घेऊन आला आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे आत बसले. 'भूल भुलैया ३' १ नोव्हेंबर २०२४ ला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 'थामा' २१ ऑक्टोबर २०२५ ला दिवाळीतच. नोव्हेंबर २०२४ पासून 'यूए'त सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे झाले, त्यामुळे थोडा गडद सिनेमाही आता कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचू शकतो. घरच्यांबरोबर गेलेल्या प्रेक्षकाचं मत वेगळ्या मापानं येतं: "पोरं घाबरली नाहीत, मजा आली." कट्टर भयपटवाल्यांना हे मत पटत नाही. दोघं एकाच सिनेमाबद्दल बोलत असतात आणि दोघांचं खरं असतं, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टीसाठी तिकीट काढलेलं असतं.

मला खटकते ती वेगळी गोष्ट. 'झपाटलेला' (१९९३) मधला दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आजही पोरांना तोंडपाठ आहे. 'लपाछपी' (२०१७) मधलं उसाचं शेत पाहून आलेले लोक अजून त्या सिनेमाबद्दल बोलतात. त्याचा दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी तोच सिनेमा 'छोरी' नावानं हिंदीत केला, २०२१ मध्ये थेट ओटीटीसाठी. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ ला आला तेव्हा चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेवर चालत होती. मग त्यांनी कोकण, पिंपळ आणि मुंज घेऊन 'मुंज्या' केला, हिंदीत, आणि तो शंभर कोटींच्या पुढे गेला. 'थामा'ही त्यांचाच. 'तुंबाड' तर कथा, माती, वाडा सगळं मराठी, आणि भाषा हिंदी. माती आपली, दिग्दर्शक आपला, घाबरून बाहेर येणारा प्रेक्षकही बऱ्याच प्रमाणात आपला. तरी या हंगामात मराठी भयपटाला दादर-परळ-ठाण्यात संध्याकाळचे खेळ मिळवताना नाकी नऊ येतात, आणि सकाळी नऊच्या खेळाला लावलेल्या सिनेमाबद्दल कुणाचं काही मत तयार होण्याआधीच तो उतरलेला असतो.