हजार यार्डांवर .223: धाकटं काडतूस मागे का राहिलं

रायफलीवर दुर्बीण आणि पुढे दोन पायांचा टेकू लावून खेळतात त्या एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या नेमबाजीत नियमाने दोनच काडतुसं चालतात, .308 विंचेस्टर आणि .223 रेमिंग्टन (आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीचा इंचातला व्यास). प्रत्यक्षात 1000 यार्डांच्या, म्हणजे 914 मीटरच्या रेंजवर बहुतेकांजवळ .308च दिसते. .223 घेऊन तिथे उतरणारे थोडे. सहसा याचं कारण एका वाक्यात दिलं जातं: हलकी गोळी, वाऱ्याने उडते. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घ्यायला नियमपुस्तक उघडावं लागतं.

लांब पल्ल्याची नेमबाजी लष्कराच्या सावलीत वाढली. ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन 1859 साली स्थापन झाली ती स्वयंसेवक सैनिकांचा नेम सुधारावा म्हणून. त्यामुळे सैन्यात जी रायफल, तीच स्पर्धेत, हा रिवाज पडला. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या मैदानावर आधी सैन्याची .303 होती, पुढे 7.62 मिलिमीटरची नाटो काडतुसं वापरणारी रायफल आली. .308 विंचेस्टर हे 1952 साली बाजारात आलेलं त्या 7.62 काडतुसाचं नागरी रूप. दूरवर मारा हे या काडतुसाचं मूळ कामच होतं.

.223चा जन्म वेगळ्या कुळात झाला. .222 रेमिंग्टन हे 1950चं काडतूस शेतांतले छोटे प्राणी टिपायला आणि टेबलावर रायफल टेकवून होणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धांना वापरलं जाई. अमेरिकी सैन्याला हलकी रायफल हवी होती आणि तिच्या गोळीने 500 यार्डांवर पोलादी हेल्मेट भेदावं अशी अट होती. त्यासाठी .222चं कवच थोडं लांबवून हे काडतूस एआर-15 रायफलसाठी घडवलं गेलं. गोळी 55 ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. गोळीला फिरकी देणाऱ्या बॅरलमधल्या आट्यांचा पीळ मंद, 12 इंचांत एक फेरा. अशा नळीतून लांब, जड गोळी स्थिर राहतच नाही. 1000 यार्डांचा विचार या आखणीत कुणी केलेलाच नव्हता.

(स्वप्नील कुसाळे यांच्या 2024च्या पॅरिस ऑलिंपिक कांस्यपदकामुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती 50 मीटरची .22. व्यास जवळजवळ तोच, पण तिथली गोळी अडीच ग्रॅमची आणि वेग आवाजाच्या आगेमागे. नावातल्या आकड्यांवरून या दोघींना एका माळेत ओवू नये.)

चित्र पालटलं 1980 साली. नाटोने बेल्जियमच्या एफएन कंपनीचं 62 ग्रेनचं एसएस109 काडतूस प्रमाण मानलं आणि त्यासोबत 7 इंचांत एक फेरा असा जलद पीळ आला. आता 80 ग्रेनच्या स्पर्धेच्या गोळ्या झाडता येऊ लागल्या, पुढे 90 ग्रेनच्याही. 80 ग्रेनची गोळी इतकी लांब की ती बसवलेलं काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. 600 यार्डांवर एकेक हाताने भरावं लागतं. तरीही 1990च्या दशकात ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या सामन्यांत एआर-15 घराण्याच्या रायफलींनी 7.62च्या जुन्या लष्करी एम-14ला मागे टाकलं. 200 आणि 300 यार्डांच्या जलद फैरींत मिनिटाभरात दहा गोळ्या मारायच्या असतात. तिथे कमी धक्का बसणं म्हणजे थेट गुण. माझ्या मते .223ची खरी पात्रता तिथेच सिद्ध झाली.

मग 1000 यार्डांवर अडलं कुठे? वाऱ्यात गोळी किती सरकेल हे नुसत्या वजनावर ठरत नाही. आकार, लांबी आणि वेग यांचा हिशेब लागतो. 90 ग्रेनची निमुळती .223 गोळी वाऱ्याला 155 ग्रेनच्या .308 गोळीइतकीच, कधी सरस, टिकते. 1876 साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला सुरू झालेल्या पाल्मा स्पर्धेत .308 ची गोळी 156 ग्रेनच्या आत ठेवावी लागते, त्यामुळे तिथे दोघींमधली दरी फार मोठी नाही. तिथे खांद्याला रायफल लावून पट्ट्याच्या आधाराने 800, 900 आणि 1000 यार्डांवर मारा करायचा असल्याने कमी धक्क्याची किंमतही कळते.

एफ-टीआरने हे गणित मोडलं. कॅनडाच्या जॉर्ज फर्क्वारसन यांनी वयामुळे नजर आणि सांधे साथ देत नाहीत अशा नेमबाजांसाठी दुर्बीण आणि आधार वापरायची कल्पना मांडली, आणि एफ-क्लास त्यांच्याच आद्याक्षराने ओळखला जातो. कल्पना उदार होती. पण या गटात गोळीच्या वजनाला मर्यादा घातली नाही. रायफल दुर्बीण आणि बायपॉडसह, म्हणजे दोन पायांच्या टेकूसह, 8.25 किलोपर्यंत चालते. इतकी जड रायफल दोन पायांवर टेकली की .308चा धक्का सोसवतो, आणि 155ऐवजी 185, 200 ग्रेनच्या गोळ्या वापरता येतात. .223च्या छोट्या कवचाला वाढायला तेवढी जागा नाही. .223 आपल्या जागी होती तिथेच राहिली, नियमाने .308ला पुढे जायची वाट मोकळी करून दिली.

त्यात भर पडते ती बारीकसारीक अडचणींची. अमेरिकी एफ-क्लास लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ 10 इंचांचं, पाल्माच्या निम्मं. या अंतरावर वेगात सेकंदाला तीन मीटर फरक पडला तरी गोळी सात-आठ सेंटीमीटर वरखाली जाते. .223मध्ये दारू .308च्या जवळपास निम्मीच असते, म्हणून वजन करताना झालेली तेवढीच चूक दुपटीने भोवते. जलद पिळातून भरधाव निघालेली पातळ आवरणाची लांब गोळी कधी हवेतच फुटते. लक्ष्याखालच्या खंदकात बसून गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या मार्करला तिचं बारीक भोक आणि मागच्या मातीतला धुरळा चटकन सापडत नाही, निशाण उशिरा येतं, आणि तोवर वारा बदललेला असतो.

यातली मार्करची अडचण इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांमुळे दूर होते आहे, कारण ती गोळीच्या आवाजलहरींवरून जागा शोधतात. जाड आवरणाच्या गोळ्याही निघाल्या आहेत. 600 यार्डांपर्यंत .223 निवडणाऱ्याने बिचकू नये असंच मी म्हणेन: काडतूस स्वस्त पडतं, खांदा शाबूत राहतो, आणि हलक्या अंगाच्या किंवा नवख्या नेमबाजाला धक्क्याची धास्ती न बाळगता वारा वाचायला शिकता येतं. पाल्मा पद्धतीच्या स्पर्धांतही तिला जागा आहे. एफ-टीआरच्या 1000 यार्डांवर मात्र, .308च्या गोळीवर वजनाची मर्यादा येत नाही तोवर, ती मोजक्या जिद्दी नेमबाजांच्याच हाती राहील.