छिन्नमनस्कता : रेणवीय व पेशीय जीवविज्ञान

छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया या विकारात जनुके, चेतापेशी आणि पेशींमधील संदेशवहन यांच्या पातळीवर आढळणारे बदल. अल्झायमर रोगात मेंदूत प्रथिनांचे साठे दिसतात, तशी ठळक खूण या विकारात सापडत नाही. रक्त तपासून वा मेंदूचे चित्रण करून त्याचे निदानही करता येत नाही. त्यामुळे या विषयातील बरेचसे ज्ञान आडवाटेने आले : आधी औषधांच्या अभ्यासातून, मग मरणोत्तर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींतून आणि अलीकडे जनुकसंचाच्या पाहणीतून.

डोपामिन : डोपामिन या चेतापेशींमधील संदेशवाहक द्रव्याची क्रिया वाढल्याने भास व भ्रम होतात, हे येथील सर्वांत टिकाऊ गृहीतक. त्याच्या इतिहासाचा एक धागा भारतात आहे. सर्पगंधेचे मूळ उन्माद व उच्च रक्तदाब यांवर गुणकारी असल्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. त्यातील रेसरपीन हे अल्कलॉइड स्वित्झर्लंडमध्ये १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले. ते चेतापेशींतील डोपामिनसारख्या अमाइन वर्गातील संदेशवाहक द्रव्यांचे साठे रिकामे करते. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन व त्यांच्या स्वीडनमधील सहकाऱ्यांनी रेसरपीनमुळे निश्चल पडलेल्या सशांना डोपा हे डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले.

१९६३ मध्ये कार्लसन व मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की क्लोरप्रोमाझीन व हॅलोपेरिडॉल या मनोविकृतिरोधी औषधांनी डोपामिनचा साठा घटत नाही. उलट त्याच्या चयापचयातून निघणारी द्रव्ये वाढतात. औषध ग्राही (संदेशवाहक द्रव्य ज्याला चिकटते ते पेशीवरील प्रथिन) अडवून धरते आणि पेशी भरपाई म्हणून अधिक डोपामिन सोडते, असा त्यांचा तर्क होता. डोपामिन गृहीतकाचे श्रेय बहुधा याच निबंधाला दिले जाते. मात्र त्यात नॉरॲड्रेनलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचाही तितकाच विचार आहे. डोपामिनच्या ग्राहींवर नेमके बोट ठेवले ते नेदरलँड्समधील व्हॅन रोसम यांनी, १९६६ च्या सुमारास. तेव्हा गृहीतकाचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९७५–७६ मध्ये फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की औषध ग्राहीला (पुढे त्याला डी२ म्हणू लागले) जितके घट्ट चिकटते तितकी त्याची मात्रा कमी लागते.

औषध लागू पडले म्हणजे कारण कळले, असे होत नाही. पॉझिट्रॉन चित्रणात रुग्णांच्या रेखित पिंडात (मेंदूच्या खोल भागातील केंद्रात) डोपामिन तयार करण्याची क्षमता वाढलेली दिसते, म्हणजे बिघाड ग्राहीपेक्षा संदेश सोडणाऱ्या पेशीत अधिक आहे. शिवाय निरुत्साह आणि विचारशक्तीची घट यांवर डी२ रोधकांचा फारसा उपयोग होत नाही.

ग्लुटामेट व गाबा : ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारे, तर गाबा हे त्यांना शांत करणारे संदेशवाहक द्रव्य. फेन्सायक्लिडीन आणि केटामीन ही भूल देणारी औषधे ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहीला रोखतात आणि निरोगी माणसातही भास, विस्कळीत विचार व अलिप्तता उत्पन्न करतात. डोपामिन वाढवणाऱ्या ॲम्फेटामिनने मुख्यतः भास व भ्रमच होतात. म्हणून ग्लुटामेटचा बिघाड विकाराच्या अधिक जवळचा मानला जातो. २००७ मध्ये वर्णिलेल्या एका मेंदूदाहात शरीराची प्रतिपिंडे याच ग्राहीवर हल्ला करतात आणि रोगाची सुरुवात अनेकदा मनोविकारासारखी होते. मात्र ग्लुटामेटच्या मार्गावर काम करणारी औषधे, उदा., बिटोपर्टिन, मोठ्या चाचण्यांत उतरली नाहीत.

अग्रखंडाच्या बाह्यकात (मेंदूच्या बाहेरील थरात) पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या गाबा-पेशींमध्ये जीएडी६७ हे गाबा बनवणारे विकर घटलेले आढळते. या पेशी बाह्यकातील सुमारे ३० ते ८० हर्ट्‌झच्या गॅमा लहरींचा ताल राखतात.

सायनॅप्सची छाटणी : सायनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधील संदेशाचा सांधा. गॉल्जी पद्धतीने रंगवलेल्या ऊतीत बाह्यकातील तिसऱ्या थराच्या पिरॅमिडाकृती पेशींच्या शाखांवर बारीक काटे दिसतात. उत्तेजक सायनॅप्स बहुतांशी या काट्यांवरच असतात. रुग्णांत ते विरळ असतात. पेशींची संख्या मात्र फारशी घटलेली नसते. किशोरवयात मेंदू अनावश्यक सायनॅप्स काढून टाकतो आणि ही छाटणी येथे प्रमाणाबाहेर जाते, असे अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये सुचवले. विकार बहुधा विशीच्या आसपास का उमटतो, याचा उलगडा त्यातून होतो. २०१६ मध्ये या कल्पनेला जनुकीय आधार मिळाला. सहाव्या गुणसूत्रावरील सी४ या प्रतिरक्षा जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. सी४ए प्रकाराची अभिव्यक्ती जितकी अधिक, तितका धोका अधिक. सी४ नसलेल्या उंदरांत दृष्टिमार्गातील छाटणी मंदावते. काढून टाकायच्या सायनॅप्सवर पूरक प्रथिने (सी४ त्यांपैकी एक) बसतात आणि सूक्ष्मश्लेष पेशी (मेंदूतील प्रतिरक्षा पेशी) ते सायनॅप्स गिळतात. हा दुवा आकर्षक असला, तरी सी४ मुळे वाढणारा धोका थोडाच आहे आणि किशोरवयीन मानवी मेंदूतील छाटणी प्रत्यक्ष पाहिली गेलेली नाही.

जनुके : जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकता सुमारे ८० टक्के धरली जाते. आईच्या वागण्याने मूल छिन्नमनस्क होते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ असलेले मत या पुराव्यापुढे टिकत नाही. ते येथे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण कुटुंबांना लावला जाणारा बोल अजून थांबलेला नाही. स्कॉटलंडमधील एका मोठ्या कुटुंबावरून पुढे आलेले डिस्क१ जनुक दीर्घकाळ चर्चेत होते, परंतु व्यापक पाहण्यांत त्याला दुजोरा मिळाला नाही. २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्णांच्या विश्लेषणातून २८७ जनुकीय स्थाने निश्चित झाली. त्यांतील बरीच जनुके चेतापेशींत व सायनॅप्समध्ये कार्य करतात. त्याच वर्षी १० जनुकांतील दुर्मिळ पण घातक उत्परिवर्तने सिद्ध झाली; ग्लुटामेट ग्राहीचे ग्रिन२ए त्यांपैकी एक. बाविसाव्या गुणसूत्राचा २२क्यू११.२ हा तुकडा गळालेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना मनोविकृती होते. या पाहण्यांत भारतीय वंशाचे नमुने फार थोडे आहेत. बंगळूरू येथील निम्हान्स (मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था) व राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रुग्णकुटुंबांतील व्यक्तींच्या पेशींपासून प्रवर्तित मूलपेशी (कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतर होऊ शकणाऱ्या पेशी) आणि त्यांपासून चेतापेशी तयार करून अभ्यास होतो.

इतर : तंतुकणिका, मायलिन (चेतातंतूंवरील आवरण) व ऑक्सिडीभवन यांवरील निष्कर्ष विखुरलेले आहेत. पुण्यातील भारती विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास, औषध सुरू न झालेल्या रुग्णांच्या तांबड्या पेशींच्या पटलात बहु-असंतृप्त मेदाम्ले कमी असल्याचे दाखवले.

२०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले झॅनोमेलीन-ट्रॉस्पियम हे मिश्रण डी२ ग्राहीला थेट अडवत नाही. ते एम१ व एम४ या मस्करिनी (ॲसिटिलकोलीनच्या) ग्राहींमार्फत डोपामिनचे स्रवण उगमाकडून घटवते.